खुंटीवरचा नान

बुरुलनं अख्खा हिवाळा नकाशावर काढला होता: नारिनपासून इसिक-कूल सरोवरापर्यंत, सगळ्या खिंडी पायी ओलांडायच्या.

"आणि दुभत्या घोड्यांच्या धारा कोण काढणार? तुझा नकाशा?" नवऱ्यानं, तालांतनं विचारलं.

ताज्या नानाचा एक घास दातांनी तोडून बुरुलनं उरलेला समोर ठेवला. लांबच्या वाटेला निघणारा असाच घास घेतो, आणि तो परतेपर्यंत नान खुंटीवर टांगलेला राहतो.

तालांत आईकडे वळला. "आपा, तू तरी सांग हिला. बायकांनी कधी खिंडी ओलांडल्यात?"

म्हातारीनं नान उचलला, उलटसुलट पाहिला.



मग दुसऱ्या बाजूनं उरल्यासुरल्या दातांनी घास तोडून नान लेकाच्या हातात दिला. "टांग. आम्ही दोघी येईपर्यंत हात लावू नकोस."