चिपाडातला पारा

सर्जेरावच्या तिसऱ्या गाडीतल्या चिपाडातही पारा निघाला.

प्रयोगशाळेत द्वारकाने काचेची भांडी पुन्हा धुतली, नमुना पुन्हा तपासणीला लावला. आकडा तोच. उसाच्या चिपाडावर वीज तयार करणाऱ्या या कारखान्यात पाच ठेकेदार जळण आणत. चौघांचं स्वच्छ होतं. पारा फक्त मांजरी गावाहून येणाऱ्या सर्जेरावच्या मालात.

"आज एकादशी ना तुमची, मॅडम?" मॅनेजर पियुष दारातूनच म्हणाला. "मग उपासाच्या दिवशी तरी खरं बोला. तुमच्या गाववाल्याला किती दिवस पाठीशी घालणार?"

"पाठीशी नाही घालत. शोधतेय."

"शोधा. उद्या अहवालावर तुमची सही झाली की त्याची गाडी बंद."

द्वारकाने आकडा वहीत लिहिला. सर्जेरावचं घर त्या गाडीवर चालायचं. पण तिला त्याचा संशय होताच. हडपसरला नव्याने उठलेल्या आयटीच्या काचेच्या इमारतींबाहेर तिने त्याचा टेंपो पाहिला होता. आत फुटक्या ट्यूबलाइटचा ढीग. ट्यूबमध्ये पारा असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

ती खाली आवारात गेली. सर्जेराव टेंपोची दोरी सोडत होता.

"सर्जेराव, चिपाडात काय मिसळता?"

"काय न्हाई, ताई."

"त्या ट्यूबा कुठे जातात?"

"कसब्यात, भंगारवाल्याकडं. हितं न्हाई आणत."

"मग पारा कुठून येतो? अहो, जाळला म्हणून पारा संपत नाही. धुराबरोबर वर जातो आणि आपल्याच शेतात, विहिरीत उतरतो. तुमची नातवंडं त्याच विहिरीचं पाणी पितात ना?"

सर्जेरावच्या हातातली दोरी थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पाहायचं टाळलं.

"सारा माल आपल्याच गावचा हाय, ताई. बाहेरची काडी न्हाई."

"मग खरं सांगायला भिता कशाला?"

"माझी गाडी बंद करा. पर मला इचारू नगा."

चोराच्याच तोंडचं बोलणं, द्वारकाला वाटलं. ती तशीच मांजरीला माहेरी गेली. गावात कुणी ना कुणी बोलेलच.

कुणी बोलेना. शेजारची सोजरबाई अंगण झाडत होती. द्वारकाने विषय काढताच ती केरसुणी टाकून आत गेली. एरवी चहाशिवाय न सोडणारी बाई! चावडीवरची माणसं तिला पाहून एकदम हवापाण्याचं बोलू लागली. सगळं गाव सर्जेरावला सामील होतं तर.

घरी तिचे वडील, जयसिंग, ओट्यावर बसले होते. तिला पाहताच उठले. "उपास असंल तुझा. दूध घे."

"दूध नको, आप्पा. उद्या मला सर्जेरावच्या कागदावर सही करायचीय. तो काय मिसळतो, तुम्हाला माहीत आहे."

आप्पा पुन्हा ओट्यावर टेकले.

"त्यो काय मिसळत न्हाई. आमीच घालतो. सारं गाव घालतं."

"काय?"

"लावणीतनं उरलेली उसाची टिपरी. कुजू नये म्हणून पाऱ्याच्या औषधात बुडवतो, ती. चिपाडासंगं कारखान्यात जळून जावी म्हणून."

"अहो, विष ते! आणि सर्जेरावला हे माहीत होतं?"

"परवा तुझ्या कारखान्यात पारा निघाल्याचं कळलं, तवा समद्यांच्याच ध्यानात आलं. मीच त्याला म्हटलं, द्वारकेला सांगू नगंस. त्यानं माझ्या गळ्याची आण घेतली."

"मला का नाही सांगायचं? त्याची गाडी बंद होतेय!"

"त्योच म्हणाला, गाडी ग्येली तर दुसरी मिळंल. पर पोरीच्या जिवाला लागंल."

"माझा काय संबंध?"

आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कॉलेजात होतीस तू. असली टिपरी खाऊन सोजरबाईची गाय मेली. तवा भैरोबाच्या देवळात एकेकाला बोलवून, देवाच्या पायावर हात ठेवायला लावून, तूच वदवून घेतलंस, 'उरलेली टिपरी जाळूनच टाकीन.' आजवर एकानंबी शपथ मोडली न्हाई, पोरी."