बाहेरचं खाणं

पुंजारामला गाडीत मागच्या सीटवर मधोमध बसवलं होतं. एका बाजूला लग्नाच्या मुलाचे वडील आप्पासाहेब, दुसऱ्या बाजूला त्यांचे मेहुणे. मेहुणे सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. ते फक्त जागा व्यापत होते. गाडी मुलगा चालवत होता, अमृत. नागापूरला एमआयडीसीत कामाला, पोरगं तसं वाईट नव्हतं.

"किल्ला झाला, रणगाड्यांचं म्युझियम झालं," आप्पासाहेब म्हणाले. "आता सिद्धीबागेत जरा सावलीला बसू. नगर बघायचं म्हंजे घाई करून चालत न्हाई, पाव्हणं."

पुंजाराम नगर बघायला आलाच नव्हता. तो मुलीसाठी घर बघायला आला होता. घर बघायचं, माणसं बघायची आणि पसंत पडलं तर तिथं जेवायचं. नाही पडलं तर 'निघतो, एसटी चुकंल' म्हणून उठायचं. तोंडावर नाही कोणी कोणाला म्हणत नाही. ताटावर न बसणं हेच नाही. सोय जुनी आहे आणि भिडस्त माणसांना फार उपयोगाची आहे.

पुंजारामला नाहीच म्हणायचं होतं. पंकजाची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा महिन्यावर आली होती, आणि या घरात सुनेनं नोकरी करायची पद्धत नव्हती. स्थळ आणणारा त्याचा साडू, म्हणून यावं तरी लागलं. निघताना पंकजा एवढंच म्हणाली, "दादा, तिथं जेवू नका." म्हणून तर तो एकटा आला. चार माणसं नेली की त्यातलं एखादं खातंच.

सकाळी घरी त्यानं गड चांगला राखला. पोहे आले, तर पित्त झालंय म्हणाला. चहा आला, तर सोडलाय म्हणाला. पाणीसुद्धा पिशवीतल्या बाटलीचं प्याला. आप्पासाहेबांनी त्या बाटलीकडं बघितलं, खुंटीवरची टोपी घेतली आणि म्हणाले, "चला, तुमाला नगर दाखवतो."

तिथून पुढं पुंजारामची जरा गफलत झाली. पहिल्याच हॉटेलात मिसळ समोर आली, आणि त्याच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. हॉटेलातलं खाणं हॉटेलाचं, त्याचा घराशी काय संबंध, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि आणखी एक पाव मागितला. मग बाजारात लस्सी झाली. जिलबी झाली. दर वेळी तो मनातल्या मनात पंकजाला सांगत होता, हे बाहेरचं आहे गं, हे धरायचं नसतं. त्याचं पित्त कुठं गेलं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

सिद्धीबागेतल्या बाकावरही तो मधोमधच बसला.

ऊन कलल्यावर गाडी माळीवाडा स्टँडवरून निघाली. पाथर्डीची एसटी लागलेली होती, इंजिनसुद्धा सुरू होतं.

"मी हितंच उतरतो," पुंजाराम म्हणाला. "तुमाला कशाला हेलपाटा?"

मेहुणे हलले नाहीत. त्यांच्यावरून उतरणं शक्य नव्हतं.

"असं कसं? चांदबीबीचा महाल राह्यलाय की!" आप्पासाहेब म्हणाले. "अन् त्यो तुमच्याच रस्त्याला हाय."

ते खरं होतं. महालाच्या डोंगरावरून पाथर्डीचा रस्ता सरळ खाली दिसत होता. म्हणायचं चांदबीबीचा महाल, आत थडगं सलाबतखानाचं. झाडं होती, वारा होता, पोरंबाळं घेऊन आलेली माणसं होती. एका कडेला टपऱ्या होत्या. अमृत तिकडं गेला आणि कागदी पत्रावळीवर पिठलं-भाकरी घेऊन आला.

"डोंगरावर आल्यावर ही खावीच लागती," आप्पासाहेब म्हणाले.

पुंजाराम खाली मांडी घालून बसला. पिठलं झणझणीत होतं, भाकरी अजून ऊन होती. एक संपली, दुसरी मोडली. मग झाडामागून एक बाई आल्या. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पळी. सकाळी चहाचा कप परत नेणाऱ्या त्या बनुबाई, अमृतच्या आई.

"काय याही," आप्पासाहेबांनी विचारलं, "कसं झालंय?"

सकाळपासून ते पाव्हणं म्हणत होते, आता एकदम व्याही.

"हे... टपरीवरचं न्हाई?"

"टपरीवर अशी भाकरी कुठं मिळती? आमच्या चुलीवरची हाय. रिक्षा करून घेऊन आलीय ती, खास तुमच्यासाठी."

मेहुण्यांनी फोन कानाला लावला होता. दिवसभरात ते पहिल्यांदाच बोलले. "व्हय, जेवले. दीड भाकरी जेवले. सांगा घरी." पलीकडे साडू होता. त्याचा आनंद पुंजारामला इकडं ऐकू आला.

पुंजारामनं हातातली भाकरी पत्रावळीवर ठेवली. मग उभ्या जन्मात कोणाला तोंडावर न म्हटलेलं तो म्हणाला, "आप्पासाहेब, आमची पंकजा न्हाई म्हनतीय. तिला हे लगीन करायचं न्हाई. मलाबी न्हाई."

आप्पासाहेब रागावले असते तर बरं झालं असतं. शब्दाला शब्द लागला असता, उठून रस्त्याला लागता आलं असतं. पण ते हसले. त्यांनी पुंजारामच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"एवढंच व्हय? अवो, आमची ही तरी कुठं व्हय म्हनली हुती?"

बनुबाईंची पळी पत्रावळीवर येऊन थांबली. पिठल्याचा एक थेंब खाली पडला, मग दुसरा. त्यांनी पुंजारामकडं नीट बघितलं. बघितलं ते बराच वेळ.

मग पळी त्याच्या पत्रावळीत उपडी केली.

"खाऊन घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "गार होतंय."