नेढ्यातली शीर

खोटं वाटेल, पण त्र्याण्णव साली धुळ्यात घडलं. चाळीसगावच्या भाईदासनं कुस्तीत आमच्या तोतारामच्या गुडघ्यातली शीर तोडली. आखाड्याचा रिवाज असा, ज्यानं मोडलं त्यानंच दवाखान्यात उशाशी बसायचं. म्हणून ऑपरेशनलाही भाईदास हजर. तोताराम कंबरेखाली बधिर, पण टक्क जागा. डॉक्टरांनी गिरमिटानं हाडात भोक पाडलं, तुटलेल्या शिरेच्या जागी बसवायला मांडीतून काढलेली शीर सळईच्या नेढ्यात ओवली, ओढली, तर मधेच अडकली. “बसली नाही तर याची कुस्ती संपली,” डॉक्टर म्हणाले. तोताराम ओरडला, “भाईदास, तोडताना वाघ व्हता ना? आते वढ!” भाईदासनं टेबलाला पाय लावून असा हिसका दिला, की रक्ताची चिळकांडी छताला गेली, शीर खटकन बसली आणि बधिर पाय उसळून भाईदासच्याच जबड्यावर आदळला. रक्तासोबत दात थुंकत भाईदास हसला, “मना बठ्ठा दात पडनात, पन गुडघा पक्का शे!”