तुपाची पारख

अर्जुनीच्या बाजारात शकुंतलाबाईंनी तळहातावर चोळून हुंगल्याशिवाय कोणी बाई तूप घेत नसे. त्या दिवशी जंगलातल्या गावाहून आलेल्या धनवंता नावाच्या बाईचं तूप हुंगून त्यांनी नाक मुरडलं. "याच्यात वनस्पती तूप मिसळलं आहे!"

"घरच्या म्हशीचं आहे वो बाई, काऊन खोटं सांगू?" धनवंता कळवळली. पण गिऱ्हाइकं पांगली, अन् ती भरलेलं गाडगं डोक्यावर घेऊन रडत परतली.

खरं तेच बोलले, असं स्वतःला बजावत शकुंतलाबाई घरी आल्या, तरी ते गाडगं काही डोळ्यांपुढून हलेना. करंज्यांसाठी सकाळीच वनस्पतीचं मोहन घालून दोन्ही हातांनी मळलेलं पीठ ओट्यावर झाकलेलं होतं.



झाकण काढताच तोच वास आला, तशी त्यांनी आपले हात हुंगले: धनवंताचं तूप न लागलेल्या दुसऱ्या तळहातालाही तोच वास येत होता.