पितळी डब्यातली पूड

"ही रंगाची पूड हाय, सायेब. माझा नवरा रेशीम रंगवतो. तेवढं खरं बोला, दुसरं काय मागत न्हाई." शकिलानं हात जोडले.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट राधाकृष्ण मुळे यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिमूटभर पिवळी पूड त्यांनी पाण्यात विरघळवली होती. त्यात एक रेशमाचा धागा बुडवला, एक सुताचा. दोन्ही धुतले. सूत कोरंच राहिलं, रेशीम मात्र पिवळंधमक झालं.

"बघा! रंगच हाय का न्हाई?"

"या बाईला गप्प करा," मुळे म्हणाले.

शकिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. बेचाळीसचं साल. बेलापूरकडे कुणीतरी तारा तोडल्या आणि संशयावरून पोलिसांनी लालमहंमद रंगाऱ्याला उचललं. घरात ही पूड मिळाली. ती बाँबची ठरली तर तो जन्मभर तुरुंगातून सुटणार नव्हता. आणि ठरवणार कोण, तर हा मुळे! गोऱ्या साहेबापुढे कमरेत वाकणारा.

फौजदार खुर्चीत रेलून मिशीला पीळ देत होता. "रंग म्हणत असाल तर तसं सांगा. पुण्याला पाठवतो तपासायला."

"पाठवाच!" शकिला पुढे सरसावली. "तिथं तरी खरं कळंल."

"पुण्याला कशाला? मी आहे ना," मुळे तुटकपणे म्हणाले.

"मग पेटवून बघू थोडी," फौजदार म्हणाला.

"पेटवायची गरज नाही. पूड कुठली ते रेशमानं सांगितलं. आता तिच्या रेणूची रचना बघा." मुळ्यांनी टेबलावर खडूनं सहा कोनांचं कडं काढलं आणि त्याला तीन शेपट्या जोडल्या. "हे कडं कोळशाचं, म्हणजे जळणारं. लाकडाला जळायला बाहेरून हवा लागते. इथं या तीन शेपट्यांत प्राणवायू आधीच भरलाय. सरण आणि विस्तव एकाच घरात. धक्का बसला की दोघं भेटतात."

"म्हणजे?"

"स्फोटक. अगदी जातिवंत. रेशीम रंगवते म्हणून फुटायची राहत नाही."

शकिला कडाडली. "तुझं वाटोळं हुईल! गरिबाच्या जिवावर उठलास!"

मुळ्यांनी खडू झटकला. "बाकीची पूड कुठाय?"

फौजदारानं शिपायाच्या हातातला डबा ऐटीत टेबलावर मांडला. "बरणीला मोहोर नीट बसेना, म्हणून पितळी डब्यात भरली. वर लाख वितळवून शिक्का मारलाय. आपला पंचनामा म्हणजे पंचनामा!"

मुळे एकदम भिंतीला जाऊन टेकले.

"पितळी? अहो, धातूला लागली की हिच्यापासून जे बनतं ते हिच्याहून तापट! आणि त्यावर तुम्ही लाख वितळवलीत? आयुष्याची दोरी बळकट म्हणून वाचलात. आता झाकणाला हात लावू नका."

फौजदाराची मिशी थरथरली. दोन दिवस तो डबा चौकीत त्याच्याच खुर्चीखाली होता. "मग... पुण्याला?"

"रेल्वेच्या धक्क्यात? पाठवा की. माझ्या प्रयोगशाळेत मात्र क्षणभर ठेवू नका. बाहेर पाट भरून वाहतोय. पाण्यात हिचा जोर मरतो."

फौजदारानं शिपायाला खूण केली. शिपायानं तान्हं मूल न्यावं तसा डबा नेला आणि पाटात सोडला. पाण्यानं तो कुठल्या कुठं नेला.

मुळे शांतपणे खुर्चीत बसले. "स्फोटक असल्याचा दाखला लिहितो."

"दाखला?" फौजदार किंचाळला. "उद्या वरचे विचारतील मुद्देमाल कुठाय! पाटात सोडला म्हणून सांगू? नोकरी जाईल माझी. रंग होता म्हणून लिहा."

"मी खोटं लिहीत नसतो."

"मग मीच लिहितो!" फौजदार पाय आपटत गेला.

शकिलाला हसावं की रडावं कळेना. जाताना ती मुळ्यांच्या दारात थुंकली.

दुसऱ्या दिवशी लालमहंमद सुटला. पोलिसांच्या माराचे वळ पाठीवर होते. शकिला हळद लावत होती आणि तोंडानं मुळ्यांचा उद्धार चालला होता. तिनं डब्याची सगळी हकीकत सांगितली. लालमहंमद खाली मान घालून ऐकत होता.

"सगळीच गेली पाटात?" त्यानं विचारलं.

"जाऊ दे की! रंग काय, दुसरा आनता यील. पन तो मुळ्या, मेला! तोंडावर धडधडीत खोटं बोलला. किडं पडतील त्याच्या जिभंला."

लालमहंमदनं उठून दाराला कडी लावली.

"सायेब खोटं न्हाई बोललं, शकिला. ती पूड मला त्यांनीच बनवून दिल्ती."