एकविसावा दिवस

“एकविसावा दिवस,” डॉक्टर सोमलिंग म्हणाले आणि त्यांनी गाभण मेंढीच्या पायाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. संस्थेच्या मेंढ्या राखणाऱ्या गौराबाईने मेंढीची मान धरली होती. पारा चढला, उतरला आणि कालच्याच अंकावर ठोका ऐकू आला.

तो दुष्काळाचा वैशाख होता. उमरग्याजवळच्या मेंढपाळ सहकारी संस्थेत दोनशे गाभण मेंढ्या होत्या आणि पाण्याचा टँकर एकच येई. म्हणून डॉक्टरांनी या एका मेंढीचे पाणी अर्धे केले होते. तहानेने रक्त उणे झाले की मातेच्या देहातील संप्रेरके शिरा आवळून दाब सावरतात. गर्भही स्वतःच्या संप्रेरकांनी आपला दाब राखू पाहतो. हे किती दिवस चालेल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. दाब ढळेल, ती मर्यादा.

अध्यक्ष हिंमतराव खुशीत आले. “डॉक्टर, तुमची मेंढी उंटाच्या जातीची दिसती! उद्यापासून समद्या गाभणींचं पाणी अर्धं करा.”

गौराबाईचे हात मेंढीच्या मानेवरून निसटले.

“नका, मालक. समदी मरतील.”

“ही कुठं मेली?”

“हिनं अर्ध्यावर काढलंच न्हाय. रोज सांजच्याला म्या माझ्या वाटणीतलं अर्धं पाणी पाजलं.”

डॉक्टरांचा आवाज चढला. “एकवीस दिवसांचं काम मातीत घातलंत, बाई! मला फसवून काय मिळालं तुम्हाला?”

“फसवाया न्हाय, सायेब. आमच्या घरचा नेम हाय. गाभण जित्राब तान्हेलं असताना बाईनं पोटभर पाणी प्यायचं न्हाय.” तिने पोटावरचा पदर सारखा केला. सातवा महिना लपण्यासारखा नव्हता. “माझ्या पोटातलं शाणं हाय. घेतं समजून.”

डॉक्टरांनी मेंढीच्या पायाचा पट्टा सोडला. “हात पुढं करा,” ते हळूच म्हणाले. तोच पट्टा त्यांनी गौराबाईच्या दंडाला गुंडाळला आणि कानांत नळ्या घातल्या. पारा उतरू लागला. ठोका येईना. पारा आणखी उतरला.

जी मर्यादा ते एकवीस दिवस मेंढीत शोधत होते, ती गौराबाईने केव्हाच ओलांडली होती.