खाली काढायचं राहिलं

आईने मटणाची पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा ठक्क असा आवाज झाला. वीट ठेवावी तसा.

"खाली काढायचं राहिलंच बघ," आई म्हणाली.

लेकीने मनातल्या मनात मोजलं. लागोपाठ तिसरा रविवार. दुसऱ्या कुणाची आई असती तर विसरली बिचारी म्हणून सोडून दिलं असतं. ही आई एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या भटारखान्यात मुख्य स्वयंपाकीण होती. रोजची चारशे ताटं. तिथला नियम तिने घरी आणला होता आणि फ्रीजशेजारच्या पाटीवर खडूने लिहून ठेवला होता: उद्याचं मटण आज संध्याकाळी फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात. या घरात लग्नकार्याला उशीर झाला असेल, या कामाला कधी झाला नाही.

लेकीच्या पर्समध्ये वृद्धाश्रमाचा अर्ज होता, भरलेला. तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आईला अजून काही सांगितलं नव्हतं. आज मटण विसरली, उद्या गॅस विसरली तर, हा प्रश्न दोन आठवडे तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

"मायक्रोवेव्ह घेऊन देते म्हटलं तर तुला नको," ती वैतागून म्हणाली. "आण इकडे, उकळतं पाणी ओतते."

"हात लावू नकोस." हा आवाज थेट भटारखान्यातला होता. "गरम पाण्यात बाहेरचं उकडतं आणि आत बर्फ तसाच. मग माणसं आजारी पडतात. माझ्या हातचं खाऊन एक माणूस आजारी पडलेला नाही. आधीच आजारी होते, ते बरे होऊन घरी गेले."

आईने पिशवीचं तोंड घट्ट बांधलं, ती मोठ्या पातेल्यात गार पाण्यात बुडवली आणि तरंगू नये म्हणून वर बत्ता ठेवला. "दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं. चार पाणी लागतील."

"म्हणजे परत दोन तास?"

"मग काय करणार. बस."

एरवी लेक पाऊण तासात जेवून, हात पुसत पुसत जिना उतरायची. मागचे दोन रविवार हे दोन तास तिने फोनमध्ये डोकं घालून काढले होते; आजही बसावं लागलं. पहिल्या पाण्याला तिने फोन चाळला. दुसऱ्या पाण्याला सोफ्यावर पाय वर घेतले आणि तिचा चक्क डोळा लागला. तिसऱ्या पाण्याला आई कांदा चिरता चिरता म्हणाली, "त्या पाळीप्रमुखाच्या जागेचं काय झालं?"

लेक उठून बसली. दोन महिन्यांपूर्वी फोनवर ती हे घाईघाईत बोलली होती, तेही अर्धंच.

"मिळाली. एक तारखेपासून. कारखान्यात बाई पाळीप्रमुख झाली ती मीच पहिली."

"हाताखाली किती?"

"दोनशे."

आईने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि लेकीकडे नीट पाहिलं. "मी चारशे जेवू घातली. दोनशे तुला अवघड नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा कांद्याकडे वळली. डोळ्यांतलं पाणी तिने कांद्यावर ढकललं. मग लेक बोलतच सुटली. कोण कसं नाक मुरडतं, कोण सलाम ठोकतं, सगळं सांगून झालं. आई मध्ये मध्ये विचारत होती आणि एकाही माणसाची गल्लत करत नव्हती.

चौथ्या पाण्यानंतर आईने मटण अंगठ्याने दाबून पाहिलं. हाडापाशी सुद्धा कडक लागेना. मग एकेक तुकडा फडक्याने कोरडा केला, कारण ओलं मटण परतलं जात नाही, नुसतं पाणी सोडतं. कांदा लाल झाला, मटण पडलं आणि घरभर वास सुटला. लेकीने तीनदा रस्सा वाढून घेतला. असं मटण या शहरात दुसरं कुणी करून दाखवावं, असं तिच्या मनात आलं आणि लगेच पर्समधला अर्ज आठवला.

साडेचार वाजले. आई भांडी घासायला वळली होती. उरलेला रस्सा ठेवायला लेकीने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात, दुधाच्या भांड्यामागे, ताटलीने झाकलेलं एक पातेलं होतं. तिने झाकण उचललं. आत किलोभर मटण होतं. कच्चं, मऊ, बर्फ पूर्ण सुटलेलं. पातेल्यावर इस्पितळात लावायचे तशी चिठ्ठी होती. आईच्या ठसठशीत अक्षरात कालची तारीख आणि वेळ, संध्याकाळी सहा.

"आई, हे काय आहे?"

आईने मागे वळून पाहिलं नाही. "तुला अगदीच घाई असती तर ते केलं असतं. तुला उपाशी पाठवते होय?"

"आणि मागच्या दोन रविवारी?"

"तेव्हाही होतं. सोमवारी खालच्या शिंप्याची चैन झाली." नळ बंद झाला. "एरवी तू पाऊण तासात जातेस गं. पाऊण तासात काय कळतं माणसाचं?"

लेकीने पातेलं झाकून फ्रीज बंद केला. मग तिने फोन लावला. "ती खोली दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली, आणि पलीकडून काहीतरी विचारलं गेल्यावर मान ताठ करून पुढे म्हणाली, "नाही हो. माझी आई काहीही विसरत नाही."

आईने कुठली खोली, कुणाची, काही विचारलं नाही. तिने खडू उचलला. "पुढच्या रविवारचं शनिवारी खाली काढू ना?"

"नको," लेक म्हणाली. "वरच राहू दे."